पाक जमल्याचा पुरावा

'हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही,' असं विद्यापीठाच्या पोर्टलने तांबड्या अक्षरांत चौथ्यांदा बजावलं, तेव्हा पाच वाजायला अठरा मिनिटं उरली होती आणि पाचला पोर्टल बंद होणार होतं. रकान्याचं नाव होतं 'नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती'. फलक मुलाणी डोकं धरून बसली होती, कारण तिच्याकडे नावीन्यपूर्ण असं काहीच नव्हतं. ती वर्गात जायची, फळ्यावर लिहायची आणि पोरांना समजेपर्यंत सांगायची. ही पद्धत फार जुनी आहे, हे तिलाही मान्य होतं.

घोरावाडी स्टेशनापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर असलेल्या एका खासगी विद्यापीठात फलक भौतिकशास्त्र शिकवायची. तिच्या पदाचं नाव 'अध्यापनकेंद्री सहायक प्राध्यापक' असं होतं. म्हणजे शिकवणारी शिक्षिका. मग बाकीचे काय करतात, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो; आतल्या माणसाला तो पडत नाही. बाकीचे संशोधन करायचे आणि त्यांच्या वाटणीचे तास फलककडे यायचे. आठवड्याला बावीस तास तिच्या गळ्यात होते. सहा वर्षं ती अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर काढत होती आणि यंदा कुठे तिची कायम होण्याची फाईल वर जाणार होती. फाईलला शंभर गुण होते. त्यात 'शिकवणे' याला पाच होते आणि 'शिकवल्याचा पुरावा' याला तीस.

"काहीतरी टाकून द्या हो मॅडम," विभागप्रमुख प्रदीप सर दारातूनच म्हणाले. त्यांचा स्वतःचा फॉर्म सोमवारीच गेला होता.

"काय टाकू सर? मी नुसतं शिकवते."

"नुसतं शिकवते असं लिहू नका. वाईट दिसतं."

तेवढ्यात फलकला मंगळवारचा तास आठवला. तिचे वडील लोणावळ्यात चिक्की करतात. त्या दिवशी ती दुकानातली चार पाकिटं वर्गात घेऊन गेली होती. साखरेच्या दाण्याला ठरलेला आकार असतो. पण त्याच साखरेचा पाक गोठला, की आतले कण जिथे असतील तिथे अडकून बसतात आणि काचेसारखा पदार्थ तयार होतो, हे तिला दाखवायचं होतं. दहा मिनिटांत पोरांना ते समजलं आणि मग पोरांनी उपकरण खाऊन टाकलं.

तिने लिहिलं, 'चिक्कीच्या साहाय्याने घनपदार्थांचा अभ्यास'. पोर्टलने लगेच आणखी पाच रकाने उघडले. 'उपक्रमाचा कालावधी' यात सगळ्यांत लहान पर्याय एक वर्ष होता. तिने एक वर्ष निवडलं. 'सहयोगी संस्था' हा रकानाही रिकामा चालेना, म्हणून 'नूर चिक्की, लोणावळा' असं दुकानाचं नाव टाकलं. 'संस्थेचा प्रकार' विचारला. परदेशी विद्यापीठ, संशोधन संस्था आणि उद्योग एवढेच पर्याय होते. ती मुकाट्याने उद्योगावर गेली. 'प्रतिनिधी': गुलजार मुलाणी. 'पद': यादीत 'वडील' नव्हतं. तिने 'संचालक' निवडलं आणि चार वाजून एकोणसाठ मिनिटांनी फॉर्म पाठवून पावणेसहाची लोकल धरली.

आठ दिवसांनी गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख सारिका मॅडम स्वतः चालत विभागात आल्या. त्या सहसा कोणाकडे चालत जात नसत.

"मुलाणी मॅडम, एवढं मोठं काम लपवून ठेवलंत होय?"

"कुठलं काम?"

"अहो, उद्योगाशी सहयोग! आख्ख्या विज्ञान शाखेत एकच आहे, तुमचा. ऑगस्टमध्ये मूल्यांकन समिती येतेय, त्यांना नेमकं हेच हवं असतं. मी कुलगुरूंना सांगूनसुद्धा टाकलं."

फलक खुर्चीतून उठली. "मॅडम, ते दुकान आहे साधं. अब्बा स्वतः कढईपुढे उभे असतात."

"संचालक स्वतः उत्पादनात उतरतात! हे पण लिहा."

"आणि तो उपक्रम एकूण दहा मिनिटं चालला होता."

"हे लिहू नका."

"मग मी ती नोंद काढूनच टाकते ना."

सारिका मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "पोर्टलवर नोंद काढता येत नाही. आणि काढली, तर आधी खोटी माहिती भरली असं होईल. तुमची फाईल यंदाच आहे ना?"

फाईलचं नाव निघालं आणि फलकने नोंद काढायचा विचार सोडला. घरी रोज संध्याकाळी अब्बांचा एकच प्रश्न असायचा, "झालीस का पर्मनंट?" सहा वर्षं ती 'होईल' म्हणत आली होती. आता फक्त एका रकान्यामुळे 'नाही' म्हणायची तिची तयारी नव्हती.

दुकानाशी करायचा म्हणून सारिका मॅडमनी दिलेला सामंजस्य करार घेऊन ती दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. गुलजारभाई सातवीपर्यंत शिकलेले. चाळीस वर्षं कढईपुढे उभं राहून त्यांच्या उजव्या हातावरचे केस कधीच जळून गेले होते, पण माल खराब निघाला अशी तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केली नव्हती. त्यांनी हात पुसून कागद लांब धरला.

"यात पर्मनंटचं कुठं लिहिलंय?"

"त्याच्यासाठीच आहे अब्बा. तुम्ही सही करा."

"आधी वाच."

"उभय पक्षांमध्ये ज्ञानाचे व संसाधनांचे आदानप्रदान..."

"म्हणजे मी चिक्की द्यायची."

"हो."

"आणि ते काय देणार?"

फलकने करार पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "ते घेणार," ती म्हणाली.

गुलजारभाईंनी सही केली. पोरीच्या पर्मनंटसाठी त्यांनी याहून वाईट कागदावरही केली असती.

त्यानंतर सगळं इतक्या वेगाने झालं, की विद्यापीठात एखादी गोष्ट वेगानेही होऊ शकते हे फलकला पहिल्यांदा कळलं. मोडकी उपकरणं ठेवायची खोली रिकामी झाली आणि तिच्या दारावर पितळी पाटी लागली: 'मिठाई भौतिकी उत्कृष्टता केंद्र'. सुदुंबऱ्याहून येणारे प्रयोगशाळेतले सोपानभाऊ पाटीकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"म्याडम, पाटी लय झ्याक झालीया. पर आत काय ठिवायचं?"

"आतलं नंतर बघू म्हणालेत सर."

"मग येवढं मोठं कुलूप कशापायी?"

"आत काही नाही हे कुणाला दिसू नये म्हणून."

"व्हय, मग बराबर हाय," सोपानभाऊ म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून गेले.

पुढे फोटोंचं काम निघालं. पुराव्याच्या फोटोवर ठिकाण आणि तारीख छापून यावी लागते. वर्षभराच्या उपक्रमाचे फोटो एका दुपारी, पोरांना चार वेळा कपडे बदलायला लावून काढले गेले. चारही फोटोंवर तारीख मात्र एकच आली. सारिका मॅडमनी ती कापून टाकली, तेव्हा तिच्याबरोबर ठिकाणही गेलं. मग कोणीतरी सुचवलं, की पाठीमागे 'घोरावाडी' असं लिहिलेली पाटी धरून एक सोपानभाऊ उभे करावेत. तसे ते उभे केले.

या सगळ्या धांदलीत फलकचे तास बंद पडले. चांगलं शिकवल्याचा पुरावा तयार करायचा असल्यामुळे शिकवायला वेळ नव्हता. पायल नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी एक दिवस केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, प्रकाशाचे दोन धडे राहिलेत. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय."

"घेते गं. समिती गेली की लगेच घेते."

"तुम्ही असं कधी म्हणत नव्हता मॅडम," पायल म्हणाली आणि गेली. फलकला स्वतःची लाज वाटली. मग टेबलावरचा फोन वाजला आणि लाज वाटायलाही वेळ उरला नाही.

समिती यायच्या दिवशी सकाळी सोपानभाऊ नवा डिजिटल थर्मामीटर हातात घेऊन तिच्याकडे आले. समितीपुढे गुलजारभाई व्यासपीठावर चिक्की करणार होते आणि पाकाचं तापमान मागच्या मोठ्या पडद्यावर दिसणार होतं.

"म्याडम, ह्यो चहाला एकशेबारा दाखवतोय."

"काय?"

"चहाच्या पातेल्यात बुडवून बघितला. एकशेबारा! मी तीस वर्सं चहा करतोय, आपला चहा येवढा कदी तापला न्हाई."

फलकने स्वतः पाणी उकळून पाहिलं. घाटमाथ्याजवळच्या त्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. थर्मामीटर एकशेबाराच म्हणत होता. म्हणजे चौदा अंश जास्त. ती धावत प्रदीप सरांकडे गेली.

"सर, हा थर्मामीटर चुकतोय. पाण्यात तपासला मी."

"मॅडम, खरेदी समितीने मान्य केलेलं उपकरण आहे ते. सोबत अचूकतेचं प्रमाणपत्र आहे." त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. "पाण्याकडे आहे का प्रमाणपत्र?"

सभागृह भरलं होतं. बाहेर ऑगस्टमधलं धुकं खिडक्यांना टेकलं होतं आणि आतली हवा इतकी दमट होती, की कागदसुद्धा वाकत होते. चिक्कीला याहून वाईट दिवस नसतो. समितीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत मध्यभागी बसले होते. मागच्या विद्यापीठात त्यांनी एकाच फाईलवर अडीच तास प्रश्न विचारले होते, असं सारिका मॅडम सकाळपासून प्रत्येकाला सांगत होत्या.

व्यासपीठावर गुलजारभाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, घरून आणलेल्या कढईपुढे उभे होते. बाजूला पाण्याची वाटी. प्रदीप सर माईकवर होते. "आता आपण पाहत आहात, एकशे चव्वेचाळीस... एकशे सत्तेचाळीस... एकशे पन्नास! शास्त्रानुसार पाक तयार आहे. संचालकसाहेब, ओता."

गुलजारभाईंनी उलथन्यावरून पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांत धरून दाबला. थेंब दबला. "नाही साहेब. अजून नाही."

"एकशे पन्नास झालंय."

"झालं असेल. पाक नाही म्हणतोय."

"उपकरण हो म्हणतंय ना!" प्रदीप सर हसत म्हणाले, पण माईक त्यांनी तोंडापासून लांब धरला होता. अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. सारिका मॅडमनी रांगेतूनच हाताने 'आवरा' अशी खूण केली.

गुलजारभाईंनी मान वळवली. "फलक बेटा, तू सांग. ओतू का?"

सगळं सभागृह तिच्याकडे बघायला लागलं. खरं तापमान एकशे छत्तीस आहे, पाकात अजून पाणी आहे, अब्बांचं बोट बरोबर आहे आणि पडदा खोटा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भौतिकशास्त्रात एवढं स्पष्ट उत्तर रोज मिळत नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे ती सहा वर्षं आली, अकरा-अकरा महिन्यांची.

"ओता अब्बा," ती म्हणाली.

गुलजारभाईंनी बोटावरचा थेंब पुसून टाकला. मग त्यांनी शेंगदाणे घातले, तूप लावलेल्या पाटावर पाक ओतला, लाटणं फिरवलं आणि वड्या पाडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मालाकडे न बघता तो पुढे केला.

अध्यक्षांनी एक मोठी वडी अख्खी तोंडात टाकली. बाकीच्या दोन सदस्यांनीही टाकली. उपकरणावर आपला पूर्ण विश्वास आहे हे दाखवायला प्रदीप सरांनी दोन टाकल्या. सारिका मॅडमनी एक.

पहिले काही क्षण सगळे चावत होते. मग चावणं थांबलं. अध्यक्षांनी खालचा जबडा उघडायचा प्रयत्न केला, तर वरचाही त्याच्याबरोबर खाली आला. एका सदस्याने "छान" म्हणायला सुरुवात केली. त्यातला फक्त नाकातून येणारा भाग बाहेर पडला. प्रदीप सर हातवारे करून काहीतरी आश्वासन देत होते. अध्यक्षांनी फाईल उघडली, पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं, सारिका मॅडमकडे पाहिलं आणि "म्म," एवढंच म्हणाले. मॅडमनी अत्यंत आदराने "म्म" असं उत्तर दिलं.

सभागृहात बोलू शकणारी माणसं म्हणजे विद्यार्थी, फलक आणि गुलजारभाई. फलकचं तोंड तर चिक्की न खाताच चिकटलं होतं. गुलजारभाईंनी टेबलावरचा माईक उचलला. बोलायची त्यांना हौस नव्हती. पण आपल्या दुकानाच्या नावाने असला माल लोकांच्या तोंडात गेलाय, हे त्यांना सहन होईना.

"माफ करा साहेब," ते म्हणाले. "ही चिक्की नाही. हा कच्चा पाक आहे. का कच्चा राहिला, ते सांगतो. पाकात पाणी उरलं, की आतले कण सरकत राहतात. सरकतात म्हणून दाताला धरतात. पाणी पुरतं गेलं, की ते जागच्या जागी अडकतात. मग वडी वाकत नाही, मोडते. हे कण अडकतात वगैरे मला माझ्या मुलीने सांगितलं. मला चाळीस वर्षं फक्त आवाज माहीत होता. थांबा, ऐकवतो."

त्यांनी कढई पुन्हा आचेवर चढवली, दुसरा पाक टाकला. पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेंब पाण्यात टाकत राहिले आणि प्रत्येक थेंब पोरांच्या हातात देऊन, "काय वाटतं?" विचारत राहिले. "लवचिक आहे," पोरं म्हणाली. "अजून लवचिक." शेवटी पायलने बोटांत धरलेला थेंब कट्ट करून मोडला. माईकजवळच होती ती. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं एका शब्दानेही मध्ये अडवलं नव्हतं. त्यांच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि कोणाचं तरी पूर्ण ऐकून घेतल्यामुळे असेल, त्यांना ते आवडलंही.

तोंडं मोकळी झाली तेव्हा समितीची निघायची वेळ झाली होती. एकाही फाईलवर प्रश्न विचारला गेला नाही. विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. अहवालात लिहिलं होतं, की शिकवणं कसं असावं याचा उत्तम नमुना सभागृहात पाहायला मिळाला. फलकने ते वाक्य वाचलं, तेव्हा तिला मोठी आशा वाटली. मग तिने पुढचं वाचलं: 'श्री. गुलजार मुलाणी यांच्या अनुभवाचा विद्यापीठाने लाभ घ्यावा.'

पंधरा दिवसांत लाभ घेतला गेला. पदवी नसलेल्या पण धंद्यात मुरलेल्या माणसांसाठी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' असं एक पद असतं. गुलजारभाईंना त्यावर तीन वर्षांची नेमणूक मिळाली. फलकलाही पत्र आलं. तिला अकरा महिने मिळाले. खाली बारीक अक्षरांत होतं: 'कायम नेमणुकीच्या फाईलसोबत पर्यवेक्षकाची शिफारस जोडावी. पर्यवेक्षक: प्रा. गुलजार मुलाणी.'

"म्हणजे तुझी फाईल आता माझ्याकडे?" गुलजारभाईंनी चश्मा चढवत विचारलं.

"हो. इथे सही करा, म्हणजे झालं."

"न बघता?" त्यांनी कागद चाळले. सगळे रकाने बोटाने मोजले. "यात तू शिकवतेस कशी, ते कुठं लिहायचं?"

"तो रकाना नाहीये अब्बा."

"मग सही कशावर करू? चाखल्याशिवाय मी भावाच्याही दुकानातला माल विकलेला नाही."

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर लोकलने आले आणि वर्गात शेवटच्या बाकावर, पायलच्या शेजारी जाऊन बसले. फलकने राहिलेले प्रकाशाचे धडे काढले होते. पहिली पाच मिनिटं ती शेवटच्या बाकाकडे बघतच बोलत होती. मग पाण्यात काठी वाकडी का दिसते, हे एकाला समजेना. ती फळ्याकडे वळली आणि मागे कोण बसलंय हे विसरून गेली. तास संपला तरी पोरं उठली नाहीत. गुलजारभाईही उठले नाहीत. ते सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते.

स्टेशनाकडे जाताना रिक्षात ते एकदाच बोलले. "त्या दिवशी तुला माहीत होतं. पाक कच्चा आहे हे."

"हो."

"मग?"

"घाबरले अब्बा."

"हं," ते म्हणाले. "ते फाईलमध्ये लिहायला पाहिजे खरं तर." पण त्यांनी लिहिलं नाही. 'इतर शेरा' या ओळीत त्यांनी मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं, 'पाक जमला आहे', आणि खाली सही केली. फलकला सहा वर्षांत कोणत्याही कागदाने इतका आनंद दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गुलजारभाईंना सारिका मॅडमचा फोन आला.

"मुलाणी सर, तुमचा शेरा छान आहे. पण त्याला पुरावा जोडावा लागेल."

"कसला पुरावा?"

"पाक जमला आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"तासाला बसून बघितलं."

"वर्गात बसलात?" सारिका मॅडमनी हळू विचारलं. "शिकवणं चालू असताना?"

"मग कधी बसतात?"

"नाही, म्हणजे... असं आपल्याकडे आजवर कोणी केलेलं नाही. तुम्ही एक मिनिट थांबा सर, मी पोर्टल उघडते."

त्या संध्याकाळी फलक दुकानात आली तेव्हा गुलजारभाई कढईपुढे होते. विद्यापीठाच्या तासांनंतर ते अजूनही रोज एक घाणा स्वतः काढत. त्यांनी वर न बघताच विचारलं, "झालीस का पर्मनंट?"

"तुमच्या नावावर नवा उपक्रम नोंदवलाय त्यांनी," फलक म्हणाली. "'वर्गात बसून अध्यापन पाहणे'. नावीन्यपूर्ण पद्धत म्हणून. पहिला प्रयोग माझ्यावर झाला, म्हणून माझी फाईल त्याला जोडलीय. उपक्रम पूर्ण झाला की ती पुढे जाईल."

"कधी होणार पूर्ण?"

"सगळ्यांत लहान पर्याय एक वर्ष आहे."

गुलजारभाईंनी उलथनं थांबवलं. "पण मी लिहून दिलं ना, पाक जमलाय म्हणून?"

"ते त्यांना मान्य आहे अब्बा. फक्त अजून वर्षभर आचेवर ठेवायचा म्हणतात."

"वर्षभर?" गुलजारभाईंनी पटकन कढई खाली उतरवली. "अगं, जळेल की तो!"